आज्जीचा अंगठा

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात वारसाहक्कावरील सत्रात केलेलं भाषण.)

सकाळी वकील ताईंनी कायदा समजावून सांगितला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, आपल्या राज्याने १९९४ साली केलेली दुरुस्ती, मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती, आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सगळं फळ्यावर लिहून झालं. शेवटी आपल्यातल्याच एकीने हात वर करून विचारलं, "ताई, कायदा पाठ झाला, पण घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत त्यांचं काय करायचं?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. कारण अशा म्हाताऱ्या माणसांत माझी आज्जी पहिल्या नंबरावर आहे.

मला 'क्षेत्रकामातले अनुभव' सांगायला बोलावलं आहे. पण मी आज घरचाच अनुभव सांगणार आहे. तेरा वर्षं या कामात काढून मला जे कळलं नव्हतं ते गेल्या दोन वर्षांत आज्जीच्या ओट्यावर बसून कळलं. आणि त्यात माझी एक मोठी चूकही आहे, तीही सांगते.

आज्जी म्हणजे माझ्या आईची आई. वय ८६-८७, नक्की तारीख तिलाही माहीत नाही. गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कायम दुष्काळी. आजोबा मुंबईला माथाडी कामगार होते. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि जत्रेला. म्हणजे दहा एकर कोरडवाहू रान प्रत्यक्षात आज्जीने केलं. नांगरट सोडली तर पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, बाजार, सोसायटीचं कर्ज, सगळं तिने निस्तरलं. आणि तरी ती आयुष्यभर ठामपणे सांगत आली, "जमीन बाप्यांची. बाईनं राबावं, पण सातबाऱ्याला हात लावू न्हाई."

तिची राजकीय मतं तुम्हाला सांगितली तर तुम्ही कपाळाला हात लावाल. मत ती आजोबांनी सांगितलेल्या चिन्हालाच देते. आजोबा २००८ साली वारले, पण चिन्ह बदललेलं नाही. पंचायतीत बायकांच्या राखीव जागा तिला मान्य नाहीत. २०११ पासून आपल्याकडे ५० टक्के जागा झाल्या तेव्हा ती म्हणाली होती, "आता निम्मी गावकी चुलीपुढं बसून व्हायची." मुलींना जमिनीत वाटा देणारा कायदा म्हणजे तिच्या मते घर फोडायला सरकारने काढलेली युक्ती. आणि जातीबद्दल ती जे बोलते ते मी इथे सांगणारही नाही. मी जातीबाहेर लग्न केलं, त्या लग्नाला ती आली नाही. नंतर माझ्या नवऱ्याला तिने चहा दिला, पुरणपोळी वाढली, पण ते मत बदललं असं मला अजिबात म्हणायचं नाही. आपली आजी मायाळू असते म्हणून तिचे विचार आपोआप चांगले होत नाहीत. आपल्या चळवळीतसुद्धा आपण कधी कधी म्हाताऱ्या बायकांबद्दल फार भाबडं बोलतो, ते टाळलेलं बरं.

आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली. पाच नावं लागली: आज्जी, दोन मामा, माझी आई आणि मावशी. प्रत्येकाला पाचवा हिस्सा, म्हणजे दोन-दोन एकर. माझ्या आईचं लग्न १९८५ सालचं. १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीत २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, त्यामुळे त्या कायद्याचा तिला उपयोग नव्हता. पण २००५ नंतर तो अडसर गेला होता. २००९ साली दोन्ही मामा गाडी करून आले आणि आई-मावशीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेले. हक्कसोडपत्र झालं. वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडीला स्टॅम्पही नाममात्र लागतो, सरकारनेच ते स्वस्त करून ठेवलंय. आईला एक साडी मिळाली, मावशीला एक. दोघींनी रजिस्टरवर सही केली, बाहेर येऊन उसाचा रस प्यायला, आणि घरी आल्या. मी तेव्हा २१ वर्षांची होते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. आई त्या दिवशी खूश दिसत होती, हे मला स्पष्ट आठवतं.

आता माझी चूक सांगते. एमएसडब्ल्यू झाले, संस्थेत लागले, कायद्याची दोन प्रशिक्षणं झाली. २०१३ च्या दिवाळीत मी आज्जीकडे गेले होते. सगळे जेवायला बसलेले, दोन्ही मामा, माम्या, मुलं. आणि मी आज्जीला भरल्या घरात विचारलं, "आज्जी, माझ्या आईचा हक्क तू एका साडीवर सोडायला लावलास, तुला काही वाटलं नाही?" मग मी कलमं सांगितली. १९५१ साली हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं तेही सांगितलं. सगळं खरं होतं. कोणी काही बोललं नाही. थोरला मामा हात धुवायला उठला. आज्जी एवढंच म्हणाली, "झालं तुझं? भात घे."

त्यानंतर माझी आई दोन वर्षं माहेरी गेली नाही. म्हणजे तिला बोलावणंच आलं नाही. दोन दिवाळ्या, दोन भाऊबीजा. मी हक्काची भाषा केली आणि किंमत आईने मोजली. आपण बायकांना हक्क मागायला सांगतो तेव्हा त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे, याचा हिशोब आपण आधी करतो का? मी केला नव्हता.

पुढे आज्जी आजारी पडली, त्या निमित्ताने येणं-जाणं सुरू झालं. मीही जायला लागले. आता मी भाषण करत नाही, विचारते. एकदा दुपारी तिला विचारलं, "आज्जी, माझ्या आईनं सही केली नसती तर काय झालं असतं?" ती म्हणाली, "तिचं दार बंद झालं असतं." मी म्हटलं, कुठलं दार? तर तिने मला ७२ सालची गोष्ट सांगितली.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या बहुतेकींनी पुस्तकात वाचला आहे. आज्जीने तो खडी फोडून काढला. मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर यायची, सुकडी मिळायची. पाझर तलावाच्या कामावर ती जायची, आणि चारही मुलं, धाकटा मामा तर तेव्हा वर्षाचाही नव्हता, तिने आपल्या भावाकडे कृष्णाकाठी नेऊन ठेवली. भावाकडे विहीर होती, ऊस होता. आठ महिने त्याने चार भाच्यांना खाऊ घातलं. "सरकारनं मला खडी दिली," आज्जी म्हणाली, "भावानं माझी पोरं जगवली. त्येच्याकडं मी दोन एकर मागितलं असतं, तर कुठल्या तोंडानं पोरं न्हेली असती?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर विमा नाही, पेन्शन नाही, आधारगृह नाही. तिचा एकच विमा होता, भाऊ. आणि जमिनीतला वाटा सोडणं हा त्या विम्याचा हप्ता होता. तिने तो स्वतः भरला आणि मुलींनाही भरायला लावला. तिच्या दृष्टीने हा मुलींवरचा अन्याय नव्हता, त्यांच्या पोराबाळांची सोय होती.

सरकारबद्दलचा तिचा संशयही मी आधी अडाणीपणात जमा करायची. १९७६ साली नसबंदीच्या केसेस आणायचे आकडे शिक्षकांना, तलाठ्यांना ठरवून दिले होते. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक त्या वर्षी आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, हा भाग वेगळा. आज्जीच्या धाकट्या दिराला बाजारातून उचलून नेलं होतं. त्याला एकच मुलगी होती. पुढे मूल झालं नाही, आणि त्याचा राग त्याने जन्मभर बायकोवर काढला. "सरकार घरात आलं की बाईचंच वाटोळं व्हतं," असं आज्जी म्हणते ते त्या जावेला पाहून. तिला २००५ चा कायदा सांगायला गेले की आधी १९७६ आठवतं. आपण म्हणतो कायदा बाईच्या बाजूने आहे. तिने पाहिलेलं सरकार कोणाच्याही बाजूचं नव्हतं.

हे कळलं म्हणून मी तिच्या मताची झाले का? नाही. कारण तिच्या हिशोबात एक मोठी चूक आहे, आणि ती तिच्याच घरात उघडी पडली.

माझ्या धाकट्या मामाची मुलगी २०२१ साली सासर सोडून परत आली. का ते सांगायची गरज नाही, तुम्ही रोज अशा केसेस बघता. बरोबर दोन वर्षांची मुलगी होती. आज्जीच्या तत्त्वाप्रमाणे हे दार उघडं असायला हवं होतं. दार उघडलंही, पण अर्धंच. ती स्वयंपाकघरात झोपते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, कोंबड्यांचं शेड झाडते, दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापते. तिच्या मुलीला दुधाचा कप देताना मामी आधी नातवाचा भरते. मामा वाईट माणूस नाही. तो म्हणतो, "ठेवलंय की तिला, हाकललं न्हाई." परत आलेल्या मुलीला माहेर एवढंच असतं.

त्यातच जमिनीचा भाव बदलला. उरमोडीचं पाणी आमच्या भागात आलं, रस्ता मोठा झाला, आणि ज्या रानात हुलगासुद्धा धड येत नव्हता त्याचे प्लॉट पाडायला माणसं यायला लागली. मामेभावाला जेसीबी घ्यायचा आहे. त्याचंही खोटं नाही. शेतीवर त्याला मुलगी मिळत नाही, तीन ठिकाणी नकार आला. रस्त्याकडचा तुकडा विकायचा असं ठरलं. त्यासाठी सह्या लागतात. मामाच्या मुलीची लागते, कारण जमीन वडिलोपार्जित आहे आणि मामाच्या वाट्यात तिचाही जन्मापासून हिस्सा आहे. आणि आज्जीचा अंगठा लागतो, कारण २००९ साली तिचं नाव काही कमी झालं नव्हतं. सोसायटीच्या कर्जासाठी राहू दे म्हणून ठेवलं, ते राहिलं. जमीन सरकारी मोजणी करून कधी वाटलेलीच नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात तिचा पाचवा हिस्सा आहे.

घाईचं दुसरंही कारण होतं. उद्या आज्जी मृत्युपत्र न करता गेली, तर तिचे दोन एकर तिच्या चारही मुलांत सारखे वाटले जातील. आई-मावशीने २००९ साली सोडला तो बापाकडून आलेला हक्क. आईकडून येणारा सोडलेला नाही. हे मामेभावाला कुठल्याशा एजंटाने सांगितलं. एजंटांना वारसा कायदा आपल्या कार्यकर्त्यांपेक्षा चांगला येतो, हे मी अनुभवाने सांगते.

मामाच्या मुलीने मला फोन केला. "ताई, सही देऊ का?" मी तिला म्हटलं, आठ दिवस थांब, आणि गावी गेले. या वेळी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं नाही. आज्जीच्या शेजारी बसले आणि विचारलं, "आज्जी, तू गेल्यावर कोणाकोणाचं कसं चालावं असं तुला वाटतं?" हा प्रश्न मी अलीकडे सगळीकडेच विचारते, वारसनोंदीच्या प्रत्येक केसमध्ये. म्हातारी माणसं आनंदाने उत्तर देतात. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. सगळे विचारतात, काय काय आहे आणि कुठे आहे.

आज्जीने बोटं मोजायला सुरुवात केली. थोरल्याचे दोन नातू, एक पुण्यात कंपनीत, एक गावात. धाकट्याचा एक, जेसीबीवाला. त्यांची लग्नं, त्यांची घरं. माझ्या भावाचंही नाव घेतलं. मग थांबली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आज्जीने आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

म्हातारी माणसं पुढच्या पिढ्यांची काळजी करतात ती खरी असते, तिच्यात खोट नसते. खोट मोजणीत असते. मुली मोजायच्या राहून जातात, कारण त्या दुसऱ्याच्या घरात मोजल्या जाणार असं गृहीत धरलेलं असतं. आणि त्या दुसऱ्या घरात त्यांना परक्या घरची म्हणून मोजत नाहीत. ही मोजणी शेवटी कुठे जाते तेही आपण पाहिलंय. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. पुढच्या पिढीच्या काळजीपोटीच ही पिढी एवढी कमी केली. वंशाला दिवा पाहिजे म्हणणारी आज्जी आणि शेतकरी नवऱ्याला मुलगी मिळत नाही म्हणून रडणारी आज्जी एकच आहे, पण दोन्ही गोष्टी जोडून तिला कोणी दाखवलेल्या नाहीत. मीही त्या दिवशी दाखवल्या नाहीत. ते आकडे मी तुम्हाला सांगतेय, तिला सांगितले नाहीत.

मी फक्त म्हटलं, "आज्जी, तू ७२ साली भावाकडे पोरं नेलीस. हिनं पोरगी बापाकडे आणली. उद्या ही कुठं जाईल?"

ती म्हणाली, "हितंच राहील की."

"आणि जमीन विकली तर? मामा गेल्यावर? भावजय आली की?"

यावर ती जे बोलली ते मी शब्दशः सांगते. "भावाकडं रान व्हतं म्हणून त्येचं दार उघडं व्हतं. रानच इकल्यावर दाराला काय करायचं?" मग थोड्या वेळाने, "म्या अंगठा द्यायची न्हाई."

आता तुम्ही टाळ्या वाजवू नका. आज्जी आपल्या बाजूला आलेली नाही. मुलींना हक्क आहे म्हणून ती अडून बसलेली नाही. वाडवडिलांची जमीन विकू नये, घराचं दार मोडू नये, परत आलेली पोरगी रस्त्यावर गेली तर घराण्याला नाव ठेवतील, या तिच्या जुन्याच कारणांसाठी ती अडली आहे. माझ्या आईच्या २००९ च्या सहीबद्दल तिला आजही पश्चात्ताप नाही, मी विचारलं होतं. पण तिच्या त्याच जुन्या कारणांतून एक फट निघाली आणि मी तिथे पाय रोवला. काहीजणींना हे तडजोडीचं वाटेल. आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ सहकारी मला म्हणाल्या, "तू पितृसत्तेच्याच भाषेत हक्क मागतेयस." त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हटलं की मामेबहिणीला या पावसाळ्यात झोपायला जागा पाहिजे.

१९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला आलेल्या हजारो शेतकरी बायकाही घरोघरी याच भाषेत वाढलेल्या होत्या. पुढे त्याच संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी, असं आवाहन. लक्ष्मी म्हणण्यावर तेव्हा आपल्या काही गटांनी नाकं मुरडली होती. मुरडायला कारणंही होती. पण सातबाऱ्यावर नावं लागली ती खरी होती, आणि त्यातल्या कितीतरी बायका नंतर विधवा झाल्यावर त्या नावावर टिकल्या असतील.

घरात यावरून वाद झाला, अजून धुमसतोय. मामेभाऊ आज्जीशी बोलत नाही. जेवायची तिची महिन्या-महिन्याची पाळी असते, एका मामाकडे एक महिना. धाकट्याच्या पाळीत आता ताट थोडं आपटून येतं. तिला मी ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याबद्दल सांगितलं, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो म्हणून. ती म्हणाली, "पोटच्या पोरावर अर्ज करू?" विषय संपला. पण तुम्ही हे लक्षात ठेवा: कोणी म्हातारी बाई मुलाच्या नावावर काही करून देत असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द कागदात घालून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय की त्या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली व्यवहार रद्द करून घ्यायचा तर अशी अट होती हे दाखवावं लागतं. आणि ते प्रकरण हक्कसोडपत्राचंच होतं.

गेल्या महिन्यात आज्जीने मला निरोप धाडून बोलावलं. तिला मृत्युपत्र करायचं आहे. दोन एकर मामाच्या मुलीला आणि तिच्या मुलीला, दोघींच्या नावे, आणि विकायचं नाही असं लिहायचं. आधी तिचा विचार वेगळा होता. पणतीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या नावावर करता येईल का, असं तिने विचारलं होतं. पणती सहा वर्षांची आहे! मी हसले, मग आज्जीही हसली. मी तिला सांगितलं, अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण आपण करू, आणि तुझं वय बघता डॉक्टरांचा दाखला घेऊ. साक्षीदार घरातलं कोणी नको.

मजकूर मी कच्चा लिहून काढला आणि वाचून दाखवला. एका ठिकाणी आज्जीने थांबवलं. "नाव काय लिवलंस पोरीचं?" मी आधार कार्डावरचं लिहिलं होतं, म्हणजे सासरचं. आज्जीला ते पटेना. त्या घराचं नाव माझ्या कागदावर कशाला, म्हणाली. मग माहेरचं लिहू का, म्हटलं, तर तेही तिला जमेना. लग्न झालेल्या पोरीला बापाचं नाव कसं लावायचं? आम्ही दोघी बसून राहिलो. शेवटी मी म्हटलं, तिलाच विचारू, आणि आज्जीने हाक मारली. मामेबहीण पिठाचे हात घेऊन दारात आली. आज्जीने विचारलं, "तुझं पुरं नाव काय घालू?"

तिला हे आजवर कोणी विचारलं नसावं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या सांगते." मग तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेली. तिने अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.